वेईची बाजू घेणारे आत्राम मास्तर

आत्राम मास्तरांचा रोमवर राग होता. माणसाचा राग भावकीवर असतो, फार तर तहसीलदारावर. यांचा तेवीसशे वर्षांपूर्वीच्या रोमनांवर.

साठ सालानंतरची गोष्ट. दारव्ह्याच्या शाळेत मी गणित शिकवायचो, ते इतिहास. पुस्तकात एक ओळ होती : ‘रोमनांनी वेई हे शहर जिंकले.’ ती आली की मास्तर पुस्तक मिटत. वेई हे एट्रुस्कन लोकांचं शहर, रोमच्या शेजारचं. रोमनांनी दहा वर्षं वेढा घातला, शेवटी भुयार खणून आत शिरले, माणसं गुलाम म्हणून विकली आणि देवीची मूर्तीही उचलून नेली. पुढे एट्रुस्कनांची भाषाही मेली; तिचे लेख वाचता येतात, अर्थ फारसा लागत नाही.

“वरून सांगतेत, देवीले विचारलं, येतं काय रोमले, तं तिनं मान हलवली,” मास्तरांचा संतापलेला आवाज माझ्या वर्गापर्यंत यायचा. “कोणी पाह्यली हलताना?”

एकदा तपासणीला साहेब आले. वेई कोणी जिंकलं, असं त्यांनी विचारलं. सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, जिंकलं नाही, लुटलं. साहेबांनी लेखी खुलासा मागितला. मास्तरांनी चार पानं लिहिली. त्यात माफी कुठेच नव्हती. रोमनांविरुद्ध तक्रार होती. मास्तरांची समजूत घालायचं काम हेडमास्तरांनी माझ्या गळ्यात टाकलं.

रविवारी मास्तरांच्या घरी गेलो. ओसरीवर त्यांची म्हातारी आई बसली होती. मास्तर कोलाम आदिवासी, हे ठाऊक होतं. पण सहाव्या वर्षी वसतिगृहात गेले आणि घरची कोलामी बोली विसरले, हे तेव्हा कळलं. आजारपणात आईची मराठी गेली होती, कोलामी तेवढी उरली होती. ती एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होती आणि मास्तर ते कागदावर उतरवत होते.

“लिहिता येते, सर,” ते म्हणाले. “समजत नाही.”

मी खुलाशाचा विषय काढला नाही. तो तसाच वर गेला.

पुढच्या रविवारी मास्तर कागद घेऊन पहिल्या एस.टी.नं पांढरकवड्याकडे, आपल्या जुन्या कोलाम वस्तीवर गेले. संध्याकाळी स्टँडवर भेटले. काय निघालं, मी विचारलं.

“माय म्हणून राह्यली, माह्या पोराले बोलवा,” मास्तर म्हणाले. “पंधरा दिवसांपासून मलेच म्हणते.”

वस्तीवरच्या एका म्हाताऱ्याकडून ते एवढंच शिकून आले होते : मीच तुझा पोरगा. मी घरापर्यंत सोबत गेलो; वाटभर ते तेच कोलामीत पुटपुटत राहिले. दाराशी थांबले, पुन्हा एकदा हळूच म्हणून पाहिलं आणि आत गेले.