इटालियनमधला पंचावन्न मिनिटांचा निरोप

ओळख कोणीही करून घेतो. निरोप द्यायला संस्कार लागतात. आमच्या कुवेतमधल्या कंपनीला हे जुलै १९९० मध्ये उमगले. कॉम्प्रेसर तपासायला इटलीहून मार्को नावाचे तज्ज्ञ एका दिवसासाठी येणार होते. लगेच परिपत्रक निघाले : स्वागत इंग्रजीत, निरोप इटालियनमध्ये. शिकवणीस चिंचवडचे प्रभाकर नेमले गेले (अनुभव : रोम विमानतळावर सहा तास).

बारा इंजिनियर, नऊ तास, चार वाक्ये. ‘पियाचेरे’ म्हणजे भेटून आनंद झाला, ‘आ प्रेस्तो’ म्हणजे लवकरच भेटू. परीक्षेत नाशिकचा गुरुप्रसाद पहिला आला. (कॉम्प्रेसर बंदच होता, पण तो विषय वेगळा.)

एक ऑगस्टला मार्कोंनी तीन तासांत काम उरकले. निरोपाला पंचावन्न मिनिटे लागली. कारण प्रत्येकाने चारही वाक्ये म्हटली आणि गुरुप्रसादने, उच्चार मनासारखे न झाल्याने, दोनदा म्हटली. मार्कोंचे संध्याकाळचे विमान चुकले. पुढचे दुसऱ्या दिवशी होते. दुसऱ्या दिवशी इराकचे रणगाडे आले.

गोऱ्यांची धरपकड सुरू झाली, तेव्हा गुरुप्रसाद मार्कोंना शर्क भागातल्या हॉटेलातून अब्बासिया वस्तीतल्या आपल्या खोलीवर घेऊन आला.

“याला कोणी पाहिलं तर?” त्याची बायको उल्का म्हणाली.

“माझ्यामुळे अडकलाय तो.”

उल्काने डाळीत पाणी वाढवले. दोनदा झडती झाली. दोन्ही वेळा मार्को तांदळाच्या पोत्यांमागे होते.

सप्टेंबरात भारतीयांसाठी बसगाड्या लागल्या. इटालियनला त्यांत जागा नव्हती. मागेच राहणारा शेजारचा ड्रायव्हर झहूर म्हणाला, “मेरे पास छोड़ दो. तुम जाओ.”

जिन्यापाशी गुरुप्रसाद उभा राहिला. चारही वाक्ये पाठ होती; एकही फुटेना. शेवटी मार्कोच म्हणाले, “या.” (शेजारणी निघाल्या की उल्का हेच म्हणते, हे त्यांनी पोत्यांमागून ऐकले होते.)

“येतो,” गुरुप्रसाद म्हणाला, आणि बसकडे निघाला.

डिसेंबरात मार्को सुखरूप घरी पोचले. १९९१ मध्ये कंपनीने चौकशी केली. निष्कर्ष : निरोप समाधानकारक, विमान उतावीळ.

हसू आले असेल, तर आधी दार उघडून बघा. मघाशी तुम्ही ज्यांना “या हं एकदा निवांत” म्हणालात, ते चपला घालून अजून जिन्यातच उभे आहेत, आणि तुमच्या घरच्या वहिनी त्यांना दुसऱ्यांदा तेच सांगताहेत.