पेडल स्टील गिटारीची निःपक्षपाती निवड

गिटार घ्यायची असेल तर माणसाने दुकानात जावं, गिटार घ्यावी आणि घरी यावं, असा माझा समज होता. तो किती मागासलेला होता हे मला उतारवयात कळलं.

पेडल स्टील गिटार गळ्यात अडकवत नाहीत. ती चार पायांवर टेबलासारखी आडवी उभी असते. आपण तिच्यापुढे कारकुनासारखं बसायचं, डाव्या हातातला पोलादी दांडा तारांवरून सरकवायचा, उजव्या हाताने तारा छेडायच्या, पायांनी पेडलं दाबायची आणि त्याच वेळी गुडघ्यांनी बाजूचे खटके ढकलायचे. हे सगळं एकदम जमलं, तर सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी मधासारखा ओघळत जातो. न जमल्यास काय होतं ते पुढे येईलच.

हा आवाज आम्ही दोघांनी लग्नाच्या वर्षी रेडिओवर ऐकला. चुलीवरचं दूध उतू गेलं, पण दोघांतलं कोणी उठलं नाही. मी भारावून म्हणालो, "एक दिवस हे मी तुला वाजवून दाखवीन." नंतर ग्रंथालयात नोकरी लागली आणि तो दिवस कुठल्याशा कपाटात चुकीच्या जागी लागला असावा. निवृत्त झालो तरी सापडला नाही.

मग कानाच्या डॉक्टरांनी बायकोला तपासलं. म्हणाले, "ऐकू येणं उतरणीला लागलंय. यंत्र लावून बोलणं कळेल. पण गाण्याबजावण्याचं काही सांगता येत नाही."

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "अहो, ते वाजवून दाखवणार होतात ना? उरका आता. नाहीतर मी ठार बहिरी होईन आणि तुम्ही गावभर सांगाल, मी तर हिला रोज वाजवून दाखवतो."

मी दुसऱ्याच दिवशी वाद्यांच्या दुकानात गेलो. तिथे दोन पेडल स्टील गिटारी होत्या. एक एका मानेची आणि तीन पेडलांची, दुसरी दोन मानांची आणि आठ पेडलांची. मान म्हणजे तारा ताणलेली पट्टी. मी भीत भीत हात पुढे केला, तोच छातीवर 'निवड अधिकारी' अशी पट्टी लावलेल्या एक बाई आडव्या आल्या.

"काका, हात लावायचा नाही."

"वाजवून बघतो जरा."

"वाजवलं की आवडतं. आवडलं की पक्षपात आला. आमच्याकडे प्रत्येक ग्राहकाला निःपक्षपाती निवडीचा हक्क आहे, आणि तो आम्ही कोणालाही गमावू देत नाही."

मी जन्मभर नियमांचा आदर केला आहे, विशेषतः जे मला कळत नाहीत त्यांचा. तरी धीर करून म्हणालो, "मग तुम्ही नुसतं ऐकवा."

"ऐकणं म्हणजे कानाने हात लावणंच की!"

"ज्यांच्याकडे आहे अशा कोणाला तरी विचारू?"

"त्यांना स्वतःचीच चांगली वाटते. अपात्र."

"आणि ज्यांच्याकडे दोन्ही आहेत?"

"त्यांना तर निवडच करता आली नाही. कायमचे अपात्र." बाईंनी आवाज मऊ केला. "काका, ज्याने दोन्हींतली एकही ऐकलेली नाही, शिवलेली नाही, पण दोन्हींबद्दल भरपूर वाचलंय, असा माणूस शोधा."

रेडिओवरची गोष्ट मी प्रामाणिकपणे सांगून टाकली. ती गिटार किती मानांची होती हे मला सांगता येईना, म्हणून ते ऐकणं ग्राह्य धरलं गेलं नाही.

मी घरी येऊन वाचायला लागलो. मला एवढंच येतं. तारांची जाडी, लाकडाचं वय, पेडलांची खोली, खटक्यांचा कोन. जावईबापू भेटायला आले आणि हरखलेच. "बाबा, हे योग्य करताय. घाई नको. मी गादी घ्यायची म्हणून इतका अभ्यास केला, इतका केला, की अजून जमिनीवर झोपतोय. पाठ बघा, ठणठणीत!"

बायको म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं. ह्यांनी तर नाचायच्या आधी दोन अंगणांची मोजणी काढलीय."

पुरेसं वाचून झालं तेव्हा मी पुन्हा दुकानात गेलो आणि बाईंसमोर सगळं म्हणून दाखवलं. मी थांबलो तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "काका, असा माणूस तुम्हीच!" त्यांनी दोन्ही गिटारींच्या मधोमध एक खुर्ची मांडली आणि माझी 'मानद निवडतज्ज्ञ' म्हणून नेमणूक केली. मला कधी कोणी तज्ज्ञ म्हणून नेमलं नव्हतं. मी बसलो.

लोक येऊ लागले. आधी एक, मग रांग. एक दातांचे डॉक्टर तर दवाखाना बंद ठेवून रोज यायचे.

"काका, माझा डावा गुडघा जरा कुरकुरतो. कुठली घेऊ?"

"तीन पेडलांची घेतलीत तर पुढे आठांची हळहळ लागेल. आठांची घेतलीत तर पाच वाया गेल्याची."

"वा! म्हणजे घेऊच नको?"

"तो निष्कर्ष तुमचा. मी निःपक्षपाती आहे."

"बरं, पण ह्या वाजतात कशा हो?"

"तो विषय माझ्या कक्षेबाहेरचा आहे."

डॉक्टर धन्य होऊन गेले. माझ्या कारकिर्दीत दुकानातून एकही गिटार विकली गेली नाही. 'आजवर एकही चुकीची खरेदी नाही' अशी पाटी दुकानाने बाहेर अभिमानाने लावली आणि गर्दी दुप्पट झाली.

एकदा मी चाचरत बाईंना विचारलं, "आता मी एखादी घेतली तर चालेल ना?"

त्या कानावर हात ठेवत म्हणाल्या, "तुम्ही? काका, न्यायाधीशानेच आरोपीशी लग्न लावायचं?"

त्या संध्याकाळी घरी आलो तर गॅसवर किटली जिवाच्या आकांताने शिट्टी घालत होती आणि बायको तिच्यासमोर बसून शांतपणे वर्तमानपत्र वाचत होती. मी गॅस बंद केला. तिने मान वर केली.

"शिट्टी झाली होती का हो?"

"छे," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि वर्तमानपत्राची घडी घातली. मी आत जाऊन राजीनामा लिहायला बसलो. एक नम्र मसुदा झाला आणि एक बाणेदार. त्यांतला कुठला द्यावा हे काही केल्या ठरेना.

सकाळी दोन्ही खिशांत दोन मसुदे घेऊन मी खुर्चीवर बसलो होतो. रांग दारापर्यंत गेली होती. तेवढ्यात रांग मोडून बायको आत आली. तिने कानातलं यंत्र काढलं, पर्समध्ये टाकलं, पर्सची चेन ओढली आणि एका गिटारीकडे बोट दाखवलं.

"ही द्या."

"काकू, रांग आहे!" निवड अधिकारी धावल्या. "तुमचे निकष काय? दोन्हींचा अभ्यास केलात का?"

बायको गोड हसली. बाईंनी नियम वाचून दाखवला. ती हसली. बाईंनी नियम ओरडून वाचला. ती आणखी हसली. ज्याला ऐकूच येत नाही त्याच्यापुढे कुठलाही नियम किती दुबळा असतो, हे मी प्रथमच पाहिलं.

"हात लावू नका!" बाई किंचाळल्या.

बायकोने पोलादी दांडा तारांवर ठेवला, एक पेडल दाबलं आणि दुसऱ्या हाताने तारा खरवडल्या. दुकानभर एक सूर ओघळत गेला. दातांचे डॉक्टर हळूच म्हणाले, "अरेच्चा, हिला आवाजपण असतो?"

"झाला पक्षपात!" बाई मटकन माझ्या शेजारी बसल्या. "काका, तुम्ही तरी समजवा त्यांना. काकूंनी काही अभ्यासच केलेला नाही!"

यंत्र कानात परत बसवता बसवता बायकोने शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं. "केलाय की," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "ह्यांचा. अख्खा संसारभर."

गिटार घरी आली. मी बसलो, दांडा धरला, पेडल दाबलं, गुडघा चुकीच्या खटक्यावर आपटला. पत्र्यावरून मांजर घसरत यावं आणि वाटेत त्याचा विचार बदलावा, तसा आवाज निघाला. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. बायकोने खुर्ची ओढली, गिटारीच्या लाकडावर तळहात टेकवला आणि डोळे मिटले. गॅसवर दूध होतं. ते उतू गेलं. कोणी उठलं नाही.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"भयंकर. थांबू नका."

मी अजून थांबलेलो नाही.

आता वाचकहो, तुमच्या मनात मघापासून एक प्रश्न घोळत असेल: शेवटी घेतली कुठली, एका मानेची की दोन मानांची? लाजू नका. दुकानातली माझी खुर्ची अजून रिकामी आहे आणि बाई योग्य माणसाच्या शोधात आहेत. तुम्ही दोन्हींतली एकही ऐकलेली नाही, एकीलाही हात लावलेला नाही, आणि वाचन मात्र इथपर्यंत केलेलं आहे.