वासनिक सिस्टरांच्या पाच वस्तू

वासनिक सिस्टर पावडरसुद्धा लिहून देत. केस पेपरच्या कोऱ्या बाजूवर, निळ्या शाईनं: 'पावडर. सकाळी एकदा. घाम पुसून, पातळ. खाज सुटल्यास दाखवणे.' खाली सही. आमच्या गल्लीतल्या कुठल्याही पोरीनं "सिस्टर, मेकअपचं सामान घ्यायचं आहे, सुरुवातीला काय काय घेऊ?" असं विचारलं, की हा कागद हातात पडायचा. तो घेऊन बर्डीच्या बाजारात जायचं. दुकानदार पहिल्यांदा हसला म्हणे, नंतर त्यालाही सवय झाली.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. सिस्टर धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होत्या. पन्नाशीला टेकलेल्या, एकट्या, आमच्या घराला लागून एका खोलीत राहायच्या. मधली भिंत एकच. डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत कोडाचा पांढरा डाग होता. तो त्या उन्हात, लग्नात, फोटोत तसाच घेऊन फिरत. स्वतः तोंडाला पाण्याशिवाय काही लावत नसत. माझी आई म्हणायची, "गल्लीच्या पोरी रंगवते बाई, अन् सोताचं झाकत काहून नाही?" पण हे सिस्टर ड्युटीवर गेल्यावर.

त्यांच्या यादीत वस्तू पाचच. पहिली साबण. लिपस्टिकचं स्वप्न घेऊन गेलेली पोरगी साबणाची वडी घेऊन घरी यायची आणि पाय आपटायची. मग खोबरेल तेल, "लावाले नाही, उतरवाले. चढवता येते सगळ्याहीले, उतरवता येत नाही." मग पावडर, काजळ आणि शेवटी एक फिकट लिपस्टिक. सहावी वस्तू मागितली की सिस्टर चष्म्यावरून पाहत. "ओव्हरडोज कराचा आहे काय वं?"

लिपस्टिक मिळणंही सोपं नव्हतं. त्या आधी खालची पापणी ओढून बघत. "रक्त कमी आहे. महिनाभर गूळ-शेंगदाणे खा, मंग ये." ठाकऱ्यांच्या बेबीला त्यांनी असं तीन महिने लटकवलं. पोरीचे गालच इतके लाल झाले, की शेवटी मिळालेली लिपस्टिक त्यांच्यापुढे फिकी पडली.

उन्हाळ्याचा नियम वेगळा. मे महिन्यात आमच्या नागपुरात माणूस वितळतो, तिथे लिपस्टिकची काय कथा! ती माठाखालच्या ओल्या रेतीत पुरून ठेवायची. एकदा बेबीच्या आजीला पाणी घेताना रेतीतून डोकावणारी लाल टोपणाची कांडी दिसली. झालं! "करणी केली कोणंतरी!" म्हणून म्हातारीनं गल्ली गोळा केली, लिंबू उतरवलं, माठ फोडायला निघाली. सिस्टर ड्रेसिंगचा चिमटा घेऊन आल्या, कांडी काढली, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली आणि आजीच्या नाकासमोर धरली. "करणी नाही आजी, बेबीची लिपस्टिक आहे." त्यानंतर बेबीला जो मार बसला, त्यापेक्षा करणी परवडली असती.

आता माझी गोष्ट सांगते. माझ्या उजव्या गालावर दोन बोटं रुंद डाग आहे, स्टोव्हच्या भडक्याचा. त्यापायी दोन स्थळं परत गेली होती. तिसरं अमरावतीचं, मुलगा बँकेत, रविवारी बघायला येणार. आई मला घेऊन सिस्टरांकडे गेली. "काही करा सिस्टर, पण एवढं जमलं पाह्यजे." मलाही ते जमायला हवंच होतं. खोटं कशाला बोलू? मुलाचा फोटो मी आईच्या नकळत चारदा पाहिला होता.

सिस्टरांनी कागद लिहिला. त्याच पाच वस्तू.

"अन् डागावर?" आईनं विचारलं.

"डागावर साबण."

"मजाक नका करू, सिस्टर."

"मी डाग झाकून देत नाही बाई. कोणाचाच नाही. बाकी तोंड घ्या, आरशासारखं करून देतो."

आई तरातरा घरी आली आणि भांडी आपटत बसली. पण रविवारी सिस्टर स्वतःहून आल्या. एनॅमलच्या ट्रेमध्ये पाच वस्तू मांडून त्यांनी मला तयार केलं. डोळे सुंदर दिसत होते, हे मलाही कबूल करावं लागलं. डाग होता तिथंच होता.

पाहुणे आले. मुलाच्या आईनं माझ्या गालाकडे बोट केलं, "हे काय हो?" मी सांगितलं, स्टोव्ह. मुलगा खाली बघत राहिला. सगळ्यांनी दोन-दोन आलुबोंडे खाल्ले, चटणीची तारीफ केली आणि कळवतो म्हणून गेले. आठवड्यानं पत्र आलं. 'मुलगी गुणी आहे, पण.' आईनं 'पण'पर्यंत मोठ्यानं वाचलं आणि पत्राची घडी घातली.

त्या दिवशी मी भिंतीला पाठ लावून दुपारभर रडले. पलीकडे सिस्टर घरीच होत्या, हे मला ठाऊक होतं. मुद्दाम त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "त्यांचं काय जातं? त्यांना कुठं लग्न करायचंय!" पलीकडे पातेलं वाजत होतं, ते थांबलं.

दोन दिवस सिस्टर दिसल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ड्युटीवरून आल्या, त्या थेट आमच्या स्वयंपाकघरात. आई देवळात गेली होती. सिस्टरांनी पिशवीतून मलमाची एक रुंद तोंडाची बाटली काढली. तिच्यात मातकट रंगाचा घट्ट लेप होता.

"झिंक आहे, थोडा गेरू, हळद अन् खोबरेल. घोटून घोटून केला. आता कोणी पाहाले येईन तं हा लाव. डाग दिसणार नाही."

मी बघतच राहिले. "तुम्ही तर कोणाचाच झाकत नाही म्हणाल्या होत्या."

सिस्टर पाटावर बसल्या. पेशंटची हिस्ट्री सांगावी तशा आवाजात बोलू लागल्या.

"माहं लगन झालं तवा मी सोळाची. माहा मामा दंडारीच्या खेळात बाईचं सोंग घे. लग्नाच्या दिवशी त्यानं आपल्या पेटीतला रंग माह्या गालाले लावला. कोणाले समजलं नाही. सासरी दोन दिवस मी तोंडाले पाणी लागू देल्लं नाही. तिसऱ्या दिवशी सासू म्हणे, न्हाऊन घे वं पोरी. न्हाली."

"मग?"

"मंग काय. चौथ्या दिवशी माहेरी खाप्याले परत. मानूस वाईट नव्हता, बापा. मले म्हणे, डाग सांगतला असता तं म्या विचार केला असता. पण तू खोटं तोंड घेऊन आली. त्याचं ते बोलणं मले अजून लागते." त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "म्हणून मी नाही झाकत कोणाचं. पण परवा तू रडून राहिली होती. मले वाटलं, माह्या नेमापायी या पोरीचं नुकसान काहून करू?"

त्यांचं लग्न झालं होतं, हे इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहूनही आम्हाला माहीत नव्हतं. मला माझ्या बोलण्याची अशी लाज वाटली, की धरणी दुभंगावी. "चुकलं माझं, सिस्टर," मी म्हणाले. "मला नको हा लेप. जो येईल तो डागासकट बघू दे."

"पाहा बरं. मंग रडशीन."

"रडेन. तुम्ही आहात ना पलीकडे."

बाटली परत देण्याआधी मी सहज टोपण उघडलं, बोटभर लेप घेतला आणि आरशासमोर जाऊन डाव्या, चांगल्या गालावर लावून पाहिला. लावला कुठं, ते मलाच सापडेना. गालाचा आणि लेपाचा रंग एकच. लेप घोटताना मला एकदाही समोर न बसवता हे जमलं कसं?

"सिस्टर, रंग कसा जुळवला?"

"त्यात काय," सिस्टर पिशवीचे बंद आवळत म्हणाल्या, "रोज सकाळी नळावर पाहतो ना तुले."