सदाभाऊंची तपासणी

सदाभाऊंनी आमच्या ओट्यावरचं मिक्सरचं भांडं उचललं, झाकण काढलं, नाक आत घातलं आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"लसून," ते म्हणाले. "शेंगदाने. आज सकाळचेच." मग भांडं खाली ठेवून माझ्या बायकोला, सुनीताला म्हणाले, "पास, वहिनी! मांडा आता चहा."

मिक्सर मूळचा त्यांचा. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनीच तो आम्हाला दिला होता. दिलेली वस्तू वापरात आहे की माळ्यावर, हे पाहायला ते आले होते. बुलढाण्यात अशी तपासणीची घरं त्यांच्याकडे तीसेक तरी असतील.

सदाभाऊ आमचे शेजारी. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. उभी हयात स्टँडवरच्या जाळीमागे बसून गाड्या पुकारल्या, त्यामुळे साधं मीठ मागितलं तरी अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी, लीलावहिनी गेल्या. मुलगा पुण्यात. वहिनींचं वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्याच आठवड्यात भाऊंनी दार सताड उघडून घरातलं सामान वाटायला काढलं.

फुकट मिळतं म्हणून लोक धावले, पण भाऊंकडून वस्तू घेणं सोपं नाही. "वापरसान का?" हा पहिला प्रश्न. त्याला सगळेच हो म्हणतात. दुसऱ्या प्रश्नाला मात्र भलेभले अडखळतात. "कवा?"

पलीकडच्या गल्लीतल्या वकिलांनी व्यायामाची सायकल नेली होती. भाऊंच्या मुलानं पुण्याहून पाठवलेली, कोरी करकरीत. भाऊ तपासणीला गेले तर सायकलवर दोन टॉवेल, एक बनियन आणि वकीलसाहेबांचा काळा कोट वाळत घातलेला.

"वकीलसाहेब, दोरी पाह्यजे होती तं दोरी मांगाची!"

"अहो भाऊ, उद्यापासून सुरूच करणार होतो."

"तारीख पे तारीख कोर्टात द्या. मले नाई."

त्यांनी कपड्यांच्या नीट घड्या घालून वकिलांच्या हातात दिल्या, हातगाडी बोलावली आणि सायकल पोलीसभरतीची तयारी करणाऱ्या मुलींच्या खोलीवर पोचती केली. तिथे ती पहाटेपासून फिरते म्हणे. वकीलसाहेब महिनाभर आमच्या गल्लीतून न जाता मागच्या बाजूनं जात होते.

पुण्याहून मुलाचा फोन येतो. "बाबा, तो एअर फ्रायर कसा चालतोय?"

"एकदम खुशीत हाये. चिखलीले असते आता."

लग्नात टोपी-दुपट्टा मिळाला की भाऊ तो मांडवातच शेजारच्याच्या गळ्यात घालतात. आता त्यांच्या घरात एक पलंग, एक कपाट, दोन खुर्च्या आणि दोन ताटं आहेत. तिसरा माणूस येणार असेल तर तो आपली खुर्ची घेऊन येतो.

या माणसाची लागण आमच्याही घराला झाली. सुनीता एकदा मोबाइलवर लाकडी झोपाळा पाहत होती. भाऊ मागून डोकावले. "वहिनी, याले शीट हाये का तुमच्या घरात? का उभ्यानंच प्रवास?" सुनीतानं दिवाणखान्यात चारी बाजूंना पाहिलं आणि मोबाइल ठेवून दिला. तेव्हापासून आमच्याकडे काहीही घ्यायचं म्हटलं की दोघांपैकी एक जण विचारतोच, "शीट हाये का?" निम्मी खरेदी तिथेच गळते.

एक वस्तू मात्र भाऊंच्या घरून हलेना. लीलावहिनींची मोरपंखी रेशमी साडी. घडीही न मोडलेली. किती जणींनी मागितली!

"कवा नेससान?" भाऊ विचारायचे.

"ठेवीन जपून. लग्नाकार्याले काढीन."

"मंग नाई." आणि खोका परत कपाटात.

शेवटी ती त्यांनी मोताळ्याच्या वंदनाबाईंना दिली. लीलावहिनींच्या आजारपणात या बाई त्यांची सेवा करायला इथे राहिल्या होत्या. गंमत म्हणजे, त्यांना भाऊंनी एकही प्रश्न विचारला नाही. पंधरा दिवसांनी मात्र माझ्या दारात उभे. "मास्तर, गाडी काढा. मोताळा!"

राजूर घाट उतरून आम्ही पोचलो. भाऊंना पाहताच वंदनाबाईंचा चेहरा उतरला. आत पाळणा हलत होता. पाळण्याला मोरपंखी झालर, बाळाच्या अंगात मोरपंखी झबलं, खाली मोरपंखी दुपटं.

"भाऊ, रागावू नका," त्या म्हणाल्या. "नातीचं बारसं होतं. नवीन काईच नव्हतं घरात. आन् मी तं नेसून जाऊ कुठं? म्हनून... कापली म्या."

भाऊ पाळण्याजवळ गेले. मला वाटलं, आता इथे काहीतरी होणार. त्यांनी वाकून बाळाला दुपट्यासकट उचललं आणि छातीशी धरलं. पोरगी त्यांच्याकडे टकामका पाहत राहिली. मग एकदम भाऊंचा सदरा भिजला. दुपटं भिजलं, झबलं भिजलं.

"अगं बाई!" म्हणत वंदनाबाई धावल्या.

"राहू द्या!" भाऊ स्टँडवरच्या आवाजात ओरडले. "वापरली! मास्तर, पाह्यलं का? वापरली!" ते हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तरी पोरगी खाली ठेवेनात. वंदनाबाईही हसल्या, रडल्या, आणि मग त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलंच नाही.

परतताना घाटात स्कूटर तापली म्हणून थांबलो. खाली मोताळ्याकडची शेतं उन्हात पसरली होती. भाऊ कठड्यावर टेकले.

"पोराच्या लग्नासाठी घेतली होती तिनं," ते म्हणाले. आवाज इतका हळू, की मला जवळ सरकावं लागलं. "त्यानं कोर्टात केलं लग्न, घाईघाईत. मंग म्हने, चांगल्या दिवशी काढू. मी रोज ड्युटीले जाऊन राह्यलो, आन् साडी कपाटात तशीच. मास्तर, मले एकदा म्हनता आलं असतं ना तिले? लीला, आज नेस. काई नाई, असंच. मले पाहाची हाये."

त्यांनी रुमालानं तोंड पुसलं आणि मागच्या सीटवर बसले.

घरी आलो. सुनीता जुन्या गाऊनमध्ये भाजी निवडत होती.

"ती निळी साडी नेस ना आज," मी म्हटलं.

"काऊन? काय हाये आज?"

"मंगळवार."

तिनं भाजीची परडी बाजूला सारली आणि कपाटाकडे गेली.