मोर्सबी बंदर आणि तांदळाचं ताट

आपण जाऊन पोहोचेपर्यंत कोणत्याही ठिकाणाला नाव नसतं, हे भूगोलाचं पहिलं तत्त्व आहे. लंडनजवळच्या क्रॉयडनच्या मराठी मंडळात दादासाहेबांनी ते सप्रमाण मांडलं, तेव्हा साल सत्त्याऐंशी होतं आणि चहा गार.

विषय पोर्ट मोर्सबी. पापुआ न्यू गिनीची राजधानी, वस्ती समुद्रकाठी, हवा गरम. (इथवर श्रोते जागे होते.) १८७३ साली कॅप्टन मोर्सबी जहाज घेऊन गेला, जागा आवडली, आणि त्याने तिला वडिलांचं नाव ठेवलं. बाहेरच्या बंदराला आडनाव, आतल्याला 'फेअरफॅक्स' हे पाळण्यातलं. काठावर मोटू लोक पिढ्यानपिढ्या राहत होते. त्यांच्या गावाला हनुआबाडा, म्हणजे मोठं गाव, असं नावही होतं. पण त्यांना कुणी विचारलं नाही.

"विचारायची काही रीत?" दादासाहेब कडाडले. निषेधाचा ठराव एकमताने मंजूर झाला. मागच्या रांगेत त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई जप करत होत्या. माळ ओढताना त्यांचा हात जरा वर आला, तोही बाजूने मोजला गेला.

पुढच्या शनिवारी त्याच हॉलमध्ये त्यांच्या गिरीशचं लग्न लागलं. सून उल्का, जन्मापासून इंग्लंडातच वाढलेली, साउथहॅम्प्टनच्या इस्पितळात डॉक्टर. उल्का म्हणजे पडणारी वस्तू, ती घरात कशाला, म्हणून दादासाहेबांनी आपल्या आईचं नाव मुक्रर केलं होतं: भागीरथी. ते तिच्या बिल्ल्यावर मावेल का, हा प्रश्न गौण. (बिल्ला इस्पितळाचा, सून आपली.) ताटात तांदूळ पसरले. गिरीशने अंगठी हातात घेतली.

"बाबा, पण माझा नाव आहे ना," उल्का म्हणाली. "पेशंट्स मला तोच हाक मारतात."

दादासाहेबांनी समजूत घातली, की यात कुणी कधी तक्रार केलेली नाही. हिचंच बघ ना, हिचंही बदललंच की. मग ते बायकोकडे वळले. "तुझं आधीचं काय होतं गं?" गाडी कितीची आहे, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं.

सोमवारचा उपास, खिडकीतल्या तुळशीला पाणी, संध्याकाळचं निरांजन, सुहासिनीबाईंचा नेम कशानेही चुकला नव्हता. आता जप थांबला. माहेरची माणसं एकेक करून गेली होती. त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

"शशी," त्या हळूच म्हणाल्या. मग मुलाला म्हणाल्या, "गिरीश, आहे तेच लिही, बाळा."

गिरीशने लिहिलं. सूचक-अनुमोदकाशिवाय निर्णय झाल्याबद्दल दादासाहेबांनी हरकत घेतली. भटजींनी पुढचा मंत्र सुरू करून ती निकालात काढली.

वाचकांनी हवं तर हसावं. हसून झालं की आपल्या आईचं माहेरचं नाव आठवून पाहावं. आठवलं नाही, तर फोन करून विचारावं. (आई असेल तर.)