कौसाकाकींचा तालुका

आमच्या सोसायटीत कौसाकाकींसमोर 'आज फार उकडतंय' असं म्हणायची सोय नाही. मी चऱ्होलीत नवा राहायला आलो, तेव्हा फेब्रुवारीतल्या एका दुपारी लिफ्टजवळ घाम पुसत सहज तसं म्हणालो. बाकावर बसलेल्या नऊवारीतल्या बाई लगेच म्हणाल्या, "तुमचं बरंय बाबा. आमच्याकडं उणे तीस हाय. बारक्या पोरांची शाळा बंद ठेवलीया."

बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं मला वाटलं. वॉचमन हळूच म्हणाला, "साहेब, काकींची लेक रशियात असते."

काकी मूळच्या इथल्याच. आमची इमारत उभी आहे तिथं त्यांचं कांद्याचं वावर होतं. गाव महापालिकेत गेलं त्याआधी त्या ग्रामपंचायतीत मेंबर होत्या. नवरा वारला, आणि एकुलती एक स्वाती डॉक्टर व्हायला म्हणून रशियाला गेली. डॉक्टर झाली, तिथल्याच एका खेड्यातल्या दवाखान्यात लागली, आणि ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या आंद्रेशी लग्न करून तिथंच राहिली. काकींनी ते गाव कधी पाहिलेलं नाही. गुडघे साथ देत नाहीत, आणि विमानाची भीती वाटते. पण त्या तालुक्याबद्दल त्यांना विचारा फक्त.

मी एकदा विचारलं. त्यांनी मिश्रीची डबी बाकावर ठेवली. "हे तालुक्याचं ठिकाण. हितं कचेरी, मोठा दवाखाना, बाजार." मग पदर लांब पसरला. "ही नदी." पदराच्या पलीकडं चष्म्याचं घर. "हे समदं जंगल. आन् ह्यात माझी स्वाती." बोट नुसतंच हवेत फिरलं. तालुका आपल्या निम्म्या पुणे जिल्ह्याएवढा आणि माणसं म्हणाल तर आपल्या चार सोसायट्यांत मावतील एवढी, असं त्यांचं म्हणणं. नदीवर पूल नाही. हिवाळ्यात बर्फावरून गाड्या जातात, उन्हाळ्यात तराफा, आणि मधे बर्फ फुटतं तेव्हा पलीकडची गावं तुटतात.

तालुक्याच्या कचेरीच्या बातम्या काकी फोनवर मराठी करून वाचायच्या. एकदा घाबऱ्याघुबऱ्या वर माझ्याकडं आल्या. "महेश, अरं नदी उभी राहिली म्हणत्यात! पूर आला काय रं?" स्वातीला विचारलं तेव्हा कळलं, तिकडं नदी गोठली की 'उभी राहिली' म्हणतात. तेव्हापासून दर हिवाळ्यात काकी लिफ्टमध्ये जाहीर करतात, "राहिली बरं का उभी."

सोसायटीच्या मीटिंगमध्येही हाच तालुका. पार्किंगवरून भांडण पेटलं की काकी मधेच, "आमच्याकडं तालुक्याचा अध्यक्ष सोता गावात येतो, शाळेत बसतो, लोकांचं ऐकून घेतो." चेअरमन वैतागून म्हणाले, "काकी, तुमचं मतदान कुठं आहे?" काकी म्हणाल्या, "तेच कळंना झालंय."

मग एका रविवारी काकी गुडघे विसरून जवळजवळ धावतच आमच्या दारात आल्या. "मोडत्यात! तिकडं गावागावाच्या कचेऱ्या मोडून समद्या तालुक्याची एकच कचेरी करत्यात. स्वातीचा दवाखाना बी बंद करायचं चाललंय." मी वाईट वाटल्यासारखं तोंड केलं, तर त्या हसत होत्या. "अरं, मोडू दे की! मोडलं की येतीया माझी लेक."

आठवड्यात मागची खोली रंगवून झाली. त्यांच्या खालच्या गाळ्यातल्या भाडेकरू मोबाईलवाल्याला त्यांनी सांगून टाकलं, "दुसरीकडं जागा बघ, हितं माझ्या पोरीचा दवाखाना व्हणार." मला म्हणाल्या, "जावयाला तुमच्या चाकणच्या कंपनीत चिकटव. इंजिन उघडून हातात देतो तो."

"काकी, त्याला मराठी?"

"शिकंल की. समदी शिकत्यात."

पुढच्या रविवारी त्यांचा फोन नीट लागत नव्हता, म्हणून मला बोलावलं. मी जोडून दिला. पडद्यावर स्वाती आली; मागे खिडकीत पांढरं, आणि एक लालबुंद गालांचा मुलगा 'आजी' एवढंच म्हणून पळाला. काकी रंगवलेली खोली दाखवायला उठणार, एवढ्यात स्वाती म्हणाली, "आई, परवा सभा आहे. तालुक्याची माणसं येणार आहेत. लोकांनी मला बोलायला सांगितलंय. आपली ग्रामपंचायत गेली तेव्हा तू बोलली होतीस ना? मी काय बोलू, सांग."

काकी बसूनच राहिल्या. मी फोन धरून उभा होतो, त्यामुळे मला जाताही येईना. त्यांनी खोलीच्या दाराकडं पाहिलं, मग हातातल्या बांगड्या उगाच मागे सारल्या. स्वातीला वाटलं फोन अडकला. "आई? ऐकू येतंय ना?"

"येतंय गं." त्या फोनच्या जवळ सरकल्या. "हे बघ, रस्ता, दिवाबत्ती, खर्च, ह्यातलं काय बोलू नगंस. त्येचं उत्तर ते घरनं घेऊनच येत्यात. तू नावं घे. बर्फ फुटल्यावर तुझ्या दवाखान्यात कोण बाळंत झालं, कोण वाचलं, एकेकाला नाव घेऊन उभं कर. नावं घेतली की सायबाला खाली बघावं लागतं. आमी ते केलं न्हाई. आमी नुसतं वरडलो."

"आणि नाहीच ऐकलं तर?"

"मग पुन्यांदा घे. सावकाश. आन् रडू नगंस."

गावाची कचेरी गेलीच. दवाखाना मात्र राहिला. स्वातीने हे सांगितलं त्या दिवशी काकींनी आमच्या मजल्यावर घरोघरी शेवयांची खीर वाटली. मोबाईलवाल्याला खाली जाऊन सांगून आल्या, "ऱ्हा बाबा तू."

वाटी परत द्यायला मी गेलो, तर त्या मागच्या खोलीत नव्या पलंगावर बसल्या होत्या. गादीवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. खोलीला रंगाचा वास येत होता. मला राहवलं नाही.

"काकी, त्या दिवशी तुम्ही काहीच सांगितलं नसतं, तर?"

"तर आली असती," काकी म्हणाल्या. वाटी त्यांनी घेतली आणि मांडीवर उपडी ठेवली. "आन् हितं बसून रोज तिकडचंच बोलली असती. एका घरात अशा दोघी कशाला?"