मल्लू तात्या आणि बिनपत्त्याचं टपाल

"आक्का, सही करा. तुमच्या गुडघ्याचं आलंय!"

मल्लू तात्या दारात उभे. मी भाकरी थापत होते, हात पिठाचे. तरी त्यांनी चिठ्ठी पुढं केली. वहीच्या कागदावर सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'सात दिवसांत गुडघेदुखी गायब. इथे दाबा.'

"कुठं दाबायचं?" मी विचारलं.

"ते माझ्या कॉम्प्युटरवर हाय. तुम्ही आधी सही करा की."

मल्लू तात्या म्हणजे आमचे शेजारी, रिटायर पोस्टमन. निम्मी नोकरी चंदगडकडं झाली, पावसात. सदरा पिळायची वेळ आली तरी पिशवी कोरडी असायची म्हणे. नोकरी सुटली, वाटायची खोड सुटली नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर टपकन जी जाहिरात उगवते, ती त्यांच्या लेखी टपाल. आपल्या कामाची नसली तर ज्याच्या कामाची त्याला पोचवायची. टकल्या जाधवांना केसांच्या तेलाचं पोचवलं. कोपऱ्यावरच्या शोभाला 'पोट कमी करा' पोचवलं, तेही भर हळदीकुंकवात. शोभानं हातातलं तबक खाली ठेवलं.

"तात्या, हे परत न्या, न्हाईतर तुमचं पोट कमी करते!"

"परत न्हाय जात. हातात दिलं, माझं काम सपलं," म्हणत तात्या जिन्यावरून जे पळाले, ते चपला दुसऱ्या दिवशी न्यायला आले.

एकदा मात्र चिठ्ठी न देता नुसतेच उभे राहिले. मान खाली.

"आक्का, राग मानू नका. 'तुमच्या जवळच राहणारी एकटी बाई तुमच्याशी बोलायला उत्सुक आहे' असं आलंय. जवळ राहणारी एकटी म्हटल्यावर... तुम्हीच पाठवलं काय?"

माझा नवरा जाऊन वीस वर्षं झाली. मी उलथनं उचललं. तात्यांना उत्तर मिळालं.

आता हा कॉम्प्युटर त्यांनी का घेतला, ते अख्ख्या गल्लीला माहीत होतं. त्यांचा गिरीश बारा वर्षांपूर्वी स्वतःच्या मनानं लग्न करून बेंगळुरूला गेला. बाप-लेकाचं बोलणं बंद. गडहिंग्लजच्या भाचीनं मध्ये पडून गिरीशचा मेलचा पत्ता तात्यांना आणून दिला आणि तात्यांचा त्याला कळवला. गिरीशचा मेल येईल म्हणून हे सकाळी आंघोळ करून, सदरा घालून पडद्यासमोर बसायचे. पडद्यावर चौकट यायची, 'अनुमती द्यायची का?' हे लगेच 'हो' दाबायचे.

"इचारतंय बिचारं. दारात आलेल्याला न्हाय कसं म्हणायचं?"

अशानं त्या यंत्राचं काय होणार? एक चौकट मिटली की दोन उघडायच्या. एक बाई सारखी साबण दाखवायची. मध्येच भोंगा वाजायचा आणि लाल अक्षरं यायची, 'कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस!' मी पदर नाकाला लावला. शेवटी एका रविवारी तात्या घाबरेघुबरे होऊन आले. मेल उघडतच नव्हता.

माझी सून वर्षा शाळेत कॉम्प्युटर शिकवते. तिला घेऊन गेले. तिनं पाच मिनिटं बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"तात्या, कुणाकुणाला आत घेतलंय हो तुम्ही! यातल्या निम्म्यांनी इथंच बस्तान मांडलंय. सगळ्यांना दिलेली परवानगी काढून घ्यावी लागेल. इथून पुढं चौकट आली की 'नको' दाबायचं."

तात्यांनी माऊसवर हात ठेवला आणि काढेनात.

"एखादं त्याचं असलं तर?"

"अहो, मेल असा दार वाजवत येत नाही."

"तरी बी. नको म्हटल्यालं माघारी जातंय, पोरी."

मला चीड आली. "तात्या, एका 'नको'चं एवढं काय घेऊन बसलाय?"

ते पडद्याकडंच बघत होते. साबणवाली बाई हसत होती.

"त्यानं पत्र लिवलं होतं, आक्का. गेल्यावर दोन महिन्यांनी. माझ्याच पिशवीत, माझ्याच नावाचं. अक्षर वळखलं. उघडलं न्हाय. सायकल उभी केली आणि त्यावर लिवलं, 'मालक घेत नाहीत, परत.' माझ्या हातानं. इतकी वर्सं टपाल वाटलं, पण परत गेल्यालं पत्र दुसऱ्यांदा आल्यालं मी बघितलं न्हाय."

मी म्हटलं, "हात काढा. पोरीला काम करू द्या."

त्यांनी काढला.

वर्षानं तासभर एकेक हाकललं. साबणवाली गेली, गुडघे गेले, माझी ती उत्सुक बाईही गेली. मेल उघडला. तात्यांनी चष्मा पुसून वरपासून खालपर्यंत वाचलं. विमा, साड्या, विमा. गिरीशचं काही नव्हतं.

मला वाटलं, आता हा माणूस खचणार. पण त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"वर्षा, मी लिवलं तर जाईल काय?"

एका बोटानं टाईप करत होते. दोन ओळींना आमचा चहा थंड झाला. मी चौथी शिकलेय, मला वाचता येतं, आणि मी वाचलं. 'गिरीश, तुझं पत्र मी माघारी धाडलं होतं. परत पाठव. वाचीन.'

वर्षानं कुठं दाबायचं ते दाखवलं. त्यांनी दाबलं.

"किती दिसांत पोचंल?"

"पोचलं पण, तात्या."

"आत्ता?"

"आत्ताच."

तात्यांनी हात मांडीवर ठेवले.

"म्हणजे आता तो वाचत असंल," ते म्हणाले, आणि सदऱ्याची वरची गुंडी लावून ताठ बसले.